गाळ्याचे टोकन देण्यापूर्वी वही उघडा

वाचकाचे पत्र :

मी मानेवाड्याला राहते. गेली सहा वर्षे घरूनच सावजी मसाला, काळा मसाला आणि तिखट करून ओळखीच्या घरांना देते. महिन्याला साधारण 40 किलो माल जातो. किलोला 600 रुपये घेते, 400 रुपये खर्च येतो, म्हणजे 200 रुपये सुटतात. आता घराजवळच 9,000 रुपये भाड्याचा गाळा मिळतो आहे. स्वतःची चक्की टाकावी, मदतीला 8,000 रुपये पगारावर एक बाई ठेवावी आणि किराणा दुकानांनाही माल द्यावा, असे मनात आहे. चक्कीला 1 लाख 60 हजार, गाळ्याच्या डिपॉझिटला 50 हजार, रंगकाम आणि फर्निचरला 60 हजार, वजनकाटा व पॅकिंगच्या यंत्राला 40 हजार आणि कच्च्या मालाला 90 हजार, असे 4 लाख रुपये कर्जाने उभे करायचे आहेत. यजमान हिंगण्याला कारखान्यात नोकरीला आहेत. माझे दीर म्हणतात की, 3,000 रुपयांत एक जण प्रोजेक्ट रिपोर्ट करून देतो, बँकेला तेवढा कागद पुरतो. मला वाटते, धंदा माझ्या डोक्यात पक्का आहे. तो लिहून काढल्याने वेगळे काय होणार? गाळ्याचा मालक महिनाअखेर 25,000 रुपये टोकन मागतो आहे. वेळ पडली तर दागिने गहाण ठेवायचीही तयारी आहे. काय करू?

— एक भगिनी, मानेवाडा, नागपूर

उत्तर :

ताई, तुमचे पत्र मी तीनदा वाचले. सहा वर्षे एकही जाहिरात न करता 40 किलो मसाला दर महिन्याला घरोघरी जातो, याचा अर्थ तुमच्या हाताला चव आहे आणि लोक पुन्हा पुन्हा मागणी करतात. कर्ज मागायला येणाऱ्या बहुतेकांजवळ ही गोष्ट नसते. मी पंचवीस वर्षे बँकेच्या कर्ज विभागात काम केले आहे, म्हणून हे अनुभवाने सांगतो. तुमच्या प्रश्नाचे उत्तर मात्र आधीच स्पष्ट देतो. व्यवसायाची योजना लिहा, स्वतःच्या हाताने लिहा आणि टोकनचे पैसे देण्यापूर्वी लिहा. ती बँकेसाठी नंतर उपयोगी पडेलच. पण तिचा पहिला वाचक तुम्ही स्वतः आहात.

धंदा डोक्यात पक्का आहे, हे तुमचे म्हणणे खरे आहे. मसाल्यात दगडफूल किती आणि खसखस किती, कोणती मिरची रंगाला आणि कोणती तिखटपणाला, हे तुमच्या डोक्यात नक्कीच पक्के असणार. परंतु आकड्यांच्या बाबतीत मनुष्याच्या डोक्याची एक खोड आहे. ते प्रत्येक आकडा वेगवेगळा सांभाळते आणि त्यांची एकमेकांशी गाठ पडू देत नाही. किलोमागे 200 रुपये सुटतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. गाळ्याचे भाडे 9,000 आहे, हेही ठाऊक आहे. पण त्या भाड्यापोटी दर महिन्याला 45 किलो मसाला, म्हणजे आज जातो त्यापेक्षाही जास्त, विकावा लागेल, हे वाक्य तुमच्या पत्रात कुठेही नाही. कागदावर दोन आकडे एकाखाली एक आले की ते वाक्य आपोआप समोर उभे राहते.

तुमचेच आकडे घेऊन आपण थोडे पुढे जाऊ. जिथे तुम्ही आकडा दिलेला नाही तिथे मी अंदाज धरतो आहे. तुमच्या वहीत तो तुम्ही खरा घालायचा आहे.

आधी एक किलो मसाला घेऊ. 400 रुपये खर्चात तुम्ही बाहेरच्या चक्कीची दळणावळ धरली असेल, ती किलोला 25 रुपये समजू. मात्र मिरचीचे देठ खुडल्यावर, उन्हात वाळवल्यावर आणि दळताना भुकटी उडाल्यावर वजनात जी घट येते, ती बहुधा धरलेली नाही. विकत घेताना मिरची देठासकट तोलली जाते आणि विकताना मसाला देठाशिवाय तोलला जातो. या घटीचे किलोमागे 25 रुपये धरा. आज तुम्ही ओळखीच्या घरी साध्या पिशवीत माल देत असाल. पण दळलेला मसाला सुटा विकण्यास अन्न सुरक्षेच्या नियमांत मनाई आहे, तो बंद पाकिटातच विकावा लागतो आणि पाकिटावर घटक, निव्वळ वजन, तयार केल्याची तारीख, किंमत आणि नोंदणी क्रमांक छापावा लागतो. पाव किलोची चार पाकिटे आणि चार लेबले यांचे आणखी 25 रुपये धरा. म्हणजे आज तुमच्या हाती खऱ्या अर्थाने 200 नव्हे, 150 रुपये राहतात. स्वतःची चक्की आली तर दळणावळीचे 25 वाचतील आणि हा आकडा 175 होईल.

आता दर महिन्याला काहीही विकले नाही तरी द्यावाच लागणारा पैसा पाहा. भाडे 9,000, मदतनीस बाईंचा पगार 8,000, वीज 3,000, ने-आण आणि दुरुस्ती 1,300. कर्जाचा हप्ता तुमच्या पत्रात आलेलाच नाही. 4 लाख रुपये, 11 टक्के व्याज आणि पाच वर्षांची मुदत धरली तर तो सुमारे 8,700 रुपये होतो. एकूण 30,000 झाले. त्याला 175 ने भागा, म्हणजे 171 किलो येतात. महिन्याला 171 किलो मसाला विकल्यावर तुम्ही ना नफा ना तोटा या रेषेवर याल, आणि त्यात तुमच्या स्वतःच्या श्रमाचा एक रुपयाही नसेल. दिवसाचे पाच-सहा तास तुम्ही उभ्याने काम करणार; त्याचे निदान 6,000 रुपये धरले तर हीच रेषा 206 किलोंवर जाते. बहुतेक भगिनी आपली मजुरी हिशेबात धरत नाहीत, ही गोष्ट मला नेहमीच खटकत आली आहे. कृपया ती धरा.

हाच माल किराणा दुकानांमार्फत विकायचा असेल तर दुकानदार आपला हिस्सा मागणार. तो 15 टक्के धरला तर किलोमागे 90 रुपये गेले आणि तुमच्या हाती 85 उरले. मग तीच 30,000 ची भरपाई करायला 353 किलो लागतील. आज तुम्ही 40 वर आहात. हे आकडे तुम्हाला घाबरवण्यासाठी मांडलेले नाहीत. एक कुटुंब महिन्याला पाव किलो मसाला नेते असे मानले तर 40 किलो म्हणजे 160 घरे आणि 171 किलो म्हणजे 684 घरे. एवढी घरे मानेवाडा, बेसा, अयोध्यानगर या पट्ट्यात नाहीत असे मुळीच नाही. पण त्यांच्यापर्यंत कोण जाणार, किती महिन्यांत जाणार आणि तोपर्यंतचे हप्ते कशातून भरले जाणार, याची उत्तरे कुठेतरी लिहिलेली असली पाहिजेत. ग्राहकांबद्दलचे पान म्हणजे नेमके हेच. त्यावर ‘नागपुरात मसाल्याला भरपूर मागणी आहे’ असे वाक्य लिहू नका; त्या वाक्याने एकही पाकीट विकले जात नाही. तुमच्या आजच्या 160 घरांची यादी करा, गेल्या वर्षभरात कोणी किती वेळा नेले ते समोर लिहा आणि कोणी कोणाला तुमचे नाव सांगितले तेही लिहा. त्यातून वर्षाला किती नवी घरे जोडली जातात, याचा खरा वेग कळेल.

चक्कीचा विचार मी वेगळा करायला सांगेन, कारण या प्रकारच्या व्यवसायात लोकांचे मन सर्वात आधी यंत्रावर बसते. 4 लाखांपैकी 1 लाख 60 हजार चक्कीचे आहेत, म्हणजे हप्त्यातील जवळपास 3,500 रुपये तिच्या नावावर पडतात. ती किलोमागे 25 रुपये वाचवते. तेव्हा निव्वळ तिचा हप्ता निघायला दरमहा 140 किलो दळावे लागेल, विजेचा खर्च वेगळा. शिवाय अशा चक्कीला सहसा थ्री फेज जोडणी लागते. गाळ्यात ती आहे का, नसल्यास महावितरणकडे वाढीव भारासाठी अर्ज आणि अनामत यांना किती पैसे आणि किती दिवस लागतील, हे तुमच्या 4 लाखांच्या यादीत नाही. वस्तीतला गाळा असेल तर मिरची दळतानाचा ठसका शेजाऱ्यांना चालणार आहे का, हेही आधीच विचारून घ्या.

चक्कीच्या बाजूनेही एक आकडा आहे, तोही प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे घरोघरी वर्षाचे तिखट आणि हळद दळून घेतात. समजा, मार्चच्या मध्यापासून 75 दिवस तुम्ही रोज 20 किलो लोकांचे दळण केले, तर 25 रुपयांप्रमाणे 37,500 रुपये येतील, म्हणजे वर्षभराच्या हिशेबाने महिन्याला 3,125. चक्कीचा हप्ता जवळजवळ त्यातच निघतो. मात्र हे 20 किलो येतील की पाच, हे घरी बसून ठरवता येणार नाही. ज्या चक्कीवर तुम्ही आज मसाला दळता, तिथे हंगामात दोन सकाळी बसा आणि किती डबे आले, किती किलोंचे आले, ते मोजून वहीत लिहा. त्या दोन सकाळींत जे कळेल ते 3,000 रुपयांच्या छापील अहवालात कधीच सापडणार नाही.

आता पैशाच्या ये-जा बद्दल. चांगले चालणारे धंदेही इथेच अडकतात, म्हणून या भागावर मी जास्त वेळ घालवतो आहे. एका मोठ्या कागदावर बारा महिन्यांचे बारा रकाने आखा आणि प्रत्येक रकान्यात त्या महिन्यात प्रत्यक्ष हातात येणारा आणि हातातून जाणारा पैसा लिहा. नफा वेगळा आणि हातातला पैसा वेगळा. तुमच्या धंद्यात तर हा फरक फार मोठा आहे, कारण वर्षभराची मिरची उन्हाळ्याच्या तोंडावर एकदमच भरावी लागते. नवी मिरची कळमन्याच्या बाजारात आली की तुम्ही घेणार. समजा 500 किलो घेतली आणि भाव 220 रुपये पडला, तर 1 लाख 10 हजार रुपये त्या एका महिन्यात गेले. तुम्ही कच्च्या मालाला धरले आहेत 90 हजार, आणि इतवारीत मस्कासाथेतून आणायचा खडा मसाला अजून बाकीच आहे. त्यातच दुकानदार रोख देणार नाहीत. दरमहा 60 किलो माल दुकानांना 510 रुपयांनी दिला आणि पैसे दीड महिन्याने आले, तर सुमारे 46 हजार रुपये कायम त्यांच्याकडे अडकून राहतील. ती रक्कम बुडालेली नाही, तुमचीच आहे, तरी हप्त्याच्या तारखेला ती तुमच्या खात्यात नसते.

पुढच्या रकान्यांत जा. आषाढात सावजी मसाल्याची मागणी कशी चढते आणि श्रावण लागला की मटणाबरोबर मसाल्याचीही विक्री कशी बसते, हे तुम्ही सहा वर्षे पाहिले आहे. पोळ्यापर्यंत हात आखडता राहतो. पुढे गणपती, पितृपक्ष आणि नवरात्र. हप्ता, भाडे आणि पगार मात्र त्या महिन्यांतही तेवढेच राहतात. पावसाळ्यात मिरचीला ओल लागून बुरशी येण्याची भीती असते, म्हणून साठवणुकीला कोरडी जागा आणि हवाबंद डबे लागतील. तोही खर्च त्याच रकान्यात येतो. बारा रकाने भरून झाले की, ज्या महिन्यात शिल्लक शून्याच्या खाली जाते त्याच्याभोवती लाल शाईने गोल करा. माझ्या अंदाजाने तुमच्या कागदावर असे दोन किंवा तीन गोल पडतील. त्या महिन्यांची तरतूद आजच करता येते. त्या महिन्यात पोहोचल्यावर मात्र दागिनेच काढावे लागतात.

तुमच्या दिरांचा सल्ला चांगल्या हेतूने दिलेला आहे आणि बँकेला प्रकल्प अहवाल लागतो, हेही खरे आहे. पण तयार अहवाल मी शेकड्याने पाहिले आहेत. एका प्रकरणात अर्जदार नागपूरचा होता, मशीन कागदी पत्रावळीचे होते आणि अहवालात ‘जागेची उपलब्धता’ या मथळ्याखाली दुसऱ्याच जिल्ह्यातील तालुक्याचे नाव तसेच राहून गेले होते. त्यात विक्री पहिल्या महिन्यापासून क्षमतेच्या 80 टक्के दाखवली होती. मी त्या तरुणाला विचारले की, हा 80 चा आकडा कुठून आला. तो गप्प राहिला, कारण अहवाल त्याने वाचलेलाच नव्हता. कर्ज दुसरीकडून मंजूर झाले, मशीन आले आणि सव्वा वर्षात बंद पडले. त्या दिवशी मी त्याला समोर बसवून एक तास हिशेब करायला लावला असता, तर कदाचित वेगळे घडले असते, ही रुखरुख आजही माझ्या मनात आहे. तुम्हाला इतके सविस्तर लिहिण्यामागे तेही एक कारण आहे. अहवालाची मांडणी कोणाकडूनही करून घ्या, पण त्यातील प्रत्येक आकडा तुमच्या वहीतून गेलेला असू द्या, म्हणजे बँकेत विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तुमच्या तोंडून निघेल. अधिकारी अहवाल वाचतो तेव्हा मनात एकच प्रश्न असतो : विक्री निम्म्यावर आली तरी हप्ता कुठून येईल? याचे उत्तर लिहून आणणारा अर्जदार फार क्वचित भेटतो आणि तो लक्षात राहतो.

योजनांबद्दल थोडक्यात सांगतो. तुमची 4 लाखांची गरज मुद्रा कर्जाच्या ‘किशोर’ गटात बसते. तो 50 हजारांपासून 5 लाखांपर्यंतचा आहे आणि त्याला तारण मागितले जात नाही, तेव्हा दागिन्यांचा विचार तूर्त बाजूला ठेवा. प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात शहरी भागातील महिलांना प्रकल्प खर्चाच्या 25 टक्के अनुदान आणि 5 टक्के स्वतःचा वाटा, असे प्रमाण आहे. सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्राच्या योजनेत 35 टक्के, कमाल 10 लाखांपर्यंत अनुदानाची तरतूद असून तिथे अहवाल तयार करण्यासाठी जिल्हा पातळीवर साधन व्यक्तींची मदत दिली जाते. या योजनांच्या मुदती आणि अटी बदलत असतात, म्हणून सिव्हिल लाईन्समधील उद्योग भवनात जिल्हा उद्योग केंद्रात स्वतः जाऊन सध्याची स्थिती विचारा. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, मोफत आहे. तिच्यासाठी कोणाला पैसे देऊ नका. एक गोष्ट मात्र वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. रोजगार निर्मिती कार्यक्रमातील अनुदान तुमच्या हातात येत नाही. ते बँकेत तीन वर्षे तुमच्या नावे ठेवले जाते आणि व्यवसाय चालू असल्याची खात्री झाल्यावरच कर्जात वळते होते. तेव्हा बारा रकान्यांच्या कागदावर अनुदानाचा एकही रुपया जमेला धरू नका.

योजनेतले सगळे अंदाज खरे ठरतील का, असे तुम्ही विचाराल. ठरणार नाहीत. मिरचीचा भाव 220 ऐवजी 280 होईल, किंवा मदतनीस बाई दिवाळीनंतर येईनाशा होतील. पण अंदाज लिहिलेला असला तर महिन्याच्या शेवटी तो आणि प्रत्यक्ष आकडा शेजारी ठेवता येतो, आणि कुठे चुकले ते तिसऱ्याच महिन्यात दिसते. न लिहिलेला अंदाज मन आपल्या सोयीने बदलत जाते आणि ‘थोडा धीर धरू’ म्हणता म्हणता वर्ष निघून जाते. म्हणून शेवटच्या पानावर, यजमानांना शेजारी बसवून, थांबण्याची रेषाही लिहा : इतक्या महिन्यांनंतर विक्री इतक्या किलोंच्या खाली असेल तर गाळा सोडू, आणि घरातील कोणती रक्कम काहीही झाले तरी धंद्यात घालणार नाही. आज डोके शांत असताना हे ठरवणे सोपे आहे.

तुमच्या आकड्यांवरून माझे स्वतःचे मत सांगतो. गाळा आणि चक्की घेऊन तुम्ही सहा महिन्यांत विक्री दुप्पट, म्हणजे 80 किलो केलीत, तरी 14,000 रुपये सुटतील आणि 30,000 जातील; दरमहा 16,000 ची खोट. तेच 80 किलो घरूनच, बाहेरच्या चक्कीवर दळून, अन्न सुरक्षेची नोंदणी करून, नीट पाकिटात घालून विकलेत, तर किलोमागे 150 प्रमाणे 12,000 रुपये हाती राहतील. त्यासाठी पाकीट बंद करायचे साधे यंत्र, काटा, लेबले आणि मिरची भरायला थोडे भांडवल एवढेच लागेल, आणि ते लहान कर्जात भागेल. वर्षभराने 120-130 किलोंपर्यंत पोहोचलात आणि चक्कीवरच्या मोजणीने दळणाचाही भरवसा दिला, तर गाळ्याचा विचार तेव्हा करावा. तुमची खरी मोजणी माझ्या अंदाजांपेक्षा चांगली निघाली, तर माझे मत बाजूला ठेवा आणि वहीचे ऐका.

गाळ्याच्या मालकांना एवढेच सांगा की, वीजजोडणीची माहिती आणि घरचा हिशेब पूर्ण व्हायला मला पंधरा दिवस हवेत, त्यानंतर मी हो किंवा नाही कळवते. ते थांबले तर उत्तम. नाही थांबले तर मानेवाड्यात गाळे आणखी मिळतील. टोकन द्यायची वेळ आलीच, तर वीजजोडणी न मिळाल्यास पैसे परत, अशी ओळ पावतीवर लिहून घ्या. आणि यादी भरायला आज रात्रीच बसा. 160 घरांची नावे आठवायला दोन-तीन संध्याकाळी जातील.